वार्धक्यातील विषाद आणि स्मृतिभ्रंश

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की, ती उच्चारणाऱ्याला आपण एक निदान करीत आहोत याचे भानही राहत नाही. जबलपूरसारख्या शहरातील मराठी कुटुंबाच्या कानांवर तर हे निदान दोन भाषांतून पडते. घरात मराठी म्हण आणि दाराबाहेर हिंदीतील 'सठिया गए हैं' हा शेरा. दोन्ही भाषांनी साठ या आकड्याशी बुद्धीच्या ऱ्हासाची सांगड घालून ठेवली आहे. म्हणीत विनोद आहे, थोडी मायाही आहे. पण तिच्यात एक धोकाही आहे. घरातील वडीलधारे माणूस अबोल झाले, त्याची अन्नावरची वासना उडाली, नातवंडांची नावे चुकू लागली, की म्हण पुढे येते आणि विचारपूस मागे पडते. हे वयाचेच आहे असे एकदा ठरले, म्हणजे उपाय शोधण्याचे प्रयोजनच उरत नाही.

वास्तविक या अबोलपणामागे दोन अगदी भिन्न विकार असू शकतात. एक विषाद, ज्याला आज बहुधा नैराश्य म्हणतात; आणि दुसरा स्मृतिभ्रंश. पहिला पुष्कळदा बरा होतो. दुसऱ्याला बरे करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. हे दोन विकार वेगळे ओळखावयास वैद्यकाला विसाव्या शतकाचा पूर्वार्ध खर्ची घालावा लागला. आणि ते वेगळे केल्यानंतर त्यांच्यातील नाते पुन्हा नव्याने शोधावे लागले. या शोधाचा इतिहास प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे.

दोन्ही शब्द आपल्याला परके नाहीत. भगवद्गीतेचा पहिला अध्याय विषादाच्या नावानेच ओळखला जातो, आणि दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशाचा उल्लेख येतो. तेथे हे शब्द रोगवाचक नाहीत, हे खरे. तेथील स्मृतिभ्रंश क्रोधातून आणि मोहातून उपजतो, वयातून नव्हे. परंतु गात्रे गळणे, तोंडाला कोरड पडणे, हातून काम न होणे, ही विषादाची लक्षणे तेथे एका धडधाकट योद्ध्याच्या ठायी दाखविली आहेत. दुःखाने कर्तृत्ववान माणसाची बुद्धीही काही काळ स्तब्ध होते, ही जाण आपल्या परंपरेत होती. ती वृद्धांच्या बाबतीत मात्र आपण फारशी वापरली नाही.

आधुनिक काळात मनोविकारांची सरकारी नोंद ठेवण्यास आरंभ झाला, त्यात जबलपूरचाही वाटा आहे. गढा-मंडल्याचा हा प्रदेश १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभेदारांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर ही राजधानी झाली. १८७० साली मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग जबलपुरास एकमेकांना मिळाले. नोकरीच्या आणि व्यवसायाच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली, ती १९५६ मध्ये राज्याची पुनर्रचना झाल्यावरही येथेच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रांतात वेड्यांची दोन इस्पितळे होती: एक नागपुरास, दुसरे जबलपुरास.

या इस्पितळांचा कारभार १८५८ च्या कायद्याने चाले. भटकणाऱ्या अथवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे आणि तेथून त्याची रवानगी व्हावी, असा हा क्रम होता. घराच्या कोपऱ्यात मुकाट्याने बसलेल्या आजीचा किंवा आजोबांचा या व्यवस्थेशी संबंध येण्याचे कारण नव्हते. त्यांचे दुःख कोणालाच धोकादायक वाटत नव्हते. पण या इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांमध्ये एक रकाना असे, त्याची कथा येथे सांगण्यासारखी आहे. तो होता वेडाच्या कारणाचा रकाना.

देशभरच्या या तक्त्यांत 'गांजा' हे कारण वारंवार आढळे. गांजाने माणसे वेडी होतात, असा समज त्यावरून दृढ झाला. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. मध्य प्रांतातील अधिकारी फ्रेझर हे त्याचे एक सदस्य होते. आयोगाने १८९२ या वर्षी इस्पितळांत दाखल झालेल्या रुग्णांचे कागद मुळापासून तपासले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. रुग्णाबरोबर पोलिसांकडून जो वर्णनाचा कागद येई, त्यावरचे कारण इस्पितळाच्या पुस्तकात जसेच्या तसे उतरविले जाई. माणूस अनोळखी आहे, तो चिलीम ओढताना कोणी पाहिला आहे, एवढ्यावर रकाना भरला जाई. चौकशी झालेली नसे. पण रकाना रिकामा ठेवणे कोणालाच सोयीचे नव्हते. ही आकडेवारी विश्वसनीय नाही, असा निर्वाळा आयोगाने १८९४ च्या अहवालात दिला. सोयीचे कारण सापडले की खरे कारण शोधण्याचे थांबते, हा या प्रकरणाचा धडा होय. वृद्धांच्या बाबतीत हे सोयीचे कारण 'म्हातारपण' हे होते, आणि ते केवळ आपल्याकडेच होते असे नाही.

युरोपात १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील इस्पितळात आउगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने ढासळत होती. १९०६ मध्ये ती मरण पावल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, आणि त्यात आढळलेले विशिष्ट साके व तंतूंच्या गुंतावळी यांचे वर्णन त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत केले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. परंतु या नामकरणाचा एक विपरीत परिणाम झाला. हे नाव अकाली, म्हणजे म्हातारपणापूर्वी येणाऱ्या स्मृतिभ्रंशापुरते राखून ठेवले गेले. सत्तर वर्षांच्या माणसाला तेच झाले, तर तो रोग नसून वयाचा धर्म, अशी समजूत पुढे कित्येक दशके टिकली. रोग तरुणांचा आणि ऱ्हास म्हाताऱ्यांचा, अशी ही वाटणी झाली. या समजुतीच्या छायेत उदास झालेला वृद्धही सरसकट 'बुद्धी गेलेला' म्हणून गणला जाई.

ही छाया दूर करण्याचे मोठे श्रेय इंग्लंडमधील डॉ. मार्टिन रॉथ यांच्याकडे जाते. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाची पद्धत अगदी साधी होती. साठीनंतर मनोरुग्णालयात आलेल्या रुग्णांचे त्यांनी लक्षणांवरून गट पाडले आणि पुढे प्रत्येक गटाचे काय झाले, हे पाहिले. स्मृतिभ्रंशाच्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्ण सहा महिन्यांच्या आत दगावले होते. विषादाच्या गटातील बहुसंख्य त्याच मुदतीत बरे होऊन घरी गेले होते. दोन्ही गट एकाच वयाच्या पायरीवर उभे होते, त्यांची वाट मात्र वेगळी होती. म्हणजे वय हे कारण नव्हे, हे रुग्णांच्या नशिबानेच सिद्ध केले. १९६८ मध्ये रॉथ आणि त्यांचे सहकारी ब्लेसेड व टॉमलिन्सन यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाची तीव्रता मेंदूतील अल्झायमरवर्णित साक्यांच्या प्रमाणाशी जुळते. वृद्धाचा स्मृतिभ्रंश हाही रोगच ठरला.

याच सुमारास, १९६१ साली, डॉ. किलो यांनी एका फसव्या अवस्थेकडे लक्ष वेधले. काही रुग्ण हुबेहूब स्मृतिभ्रंशाचे वाटतात, परंतु मूळ विकार विषादाचा असतो आणि विषाद ओसरला की बुद्धीही परत येते. यास आभासी स्मृतिभ्रंश म्हणता येईल. दोहोंतील भेद ओळखण्याच्या काही खुणा वैद्यकाने नोंदविल्या आहेत. विषादात बिघाडाचा आरंभ पुष्कळदा सांगता येतो. गेल्या दिवाळीपासून, पत्नी गेल्यापासून, असे घरचे लोक सांगतात. स्मृतिभ्रंश केव्हा सुरू झाला हे सहसा सांगता येत नाही. विषादग्रस्त माणूस आपल्या विसराळूपणाची स्वतःच तक्रार करतो आणि प्रश्नाला 'मला नाही सांगता येत' म्हणून सोडून देतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा आपली उणीव झाकतो, काहीतरी उत्तर देतो आणि ते चुकते. तक्रार घरचे लोक करतात. या खुणा उपयुक्त आहेत, पण निर्णायक नाहीत. निर्णय वैद्याचाच असला पाहिजे.

येथवर कथा सरळ आहे: दोन रोग, दोन वाटा. पुढे मात्र ती गुंतागुंतीची झाली. १९९३ मध्ये अमेरिकेतील डॉ. अलेक्झोपूलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषादासाठी दाखल झालेल्या सत्तावन्न वृद्धांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांची बुद्धी विषादात मंदावली होती आणि उपचारांनी पूर्ववत झाली होती, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांना पुढील सुमारे तीन वर्षांत खरा स्मृतिभ्रंश झाला. ज्यांना केवळ विषाद होता, त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्के होते. आभासी म्हणून ज्याची बोळवण केली, ती काही जणांच्या बाबतीत पूर्वसूचना होती.

मग विषादामुळे स्मृतिभ्रंश होतो, की स्मृतिभ्रंशाची चाहूल विषादाच्या रूपाने लागते? या प्रश्नावर लंडनमधील सरकारी कचेऱ्यांतील नोकरांच्या एका प्रदीर्घ अभ्यासाने प्रकाश टाकला. १९८५ ते १९८८ या काळात नोंदविलेल्या १०,३०८ नोकरांची अठ्ठावीस वर्षांची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम वयातील विषादाचा पुढील स्मृतिभ्रंशाशी संबंध त्यात आढळला नाही; परंतु ज्यांना स्मृतिभ्रंश झाला, त्यांच्यातील विषादाची लक्षणे निदानापूर्वी सुमारे अकरा वर्षांपासून इतरांपेक्षा वाढू लागलेली दिसली. दुसऱ्या बाजूस, 'लॅन्सेट'ने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ज्या चौदा निवारणीय धोक्यांची यादी केली, तीत विषादाचा समावेश आहे. अल्पशिक्षण, बहिरेपणा, मंद दृष्टी, रक्तदाब, मधुमेह आणि एकाकीपणा हेही त्याच यादीत आहेत. म्हणजे विषाद कोणाच्या बाबतीत कारण असेल, कोणाच्या बाबतीत चाहूल, आणि कोणाच्या बाबतीत निव्वळ विषादच. तिन्ही शक्यतांत करावयाची पहिली गोष्ट एकच आहे: विषाद ओळखणे आणि त्यावर उपचार करणे. कारण उपचारावाचून राहिलेला विषाद स्वतःच प्राणघातक होऊ शकतो.

भारतात आता हा प्रश्न थोड्यांचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज वर्तविला. प्रमाण स्त्रियांत आणि ग्रामीण भागात अधिक आढळले. जबलपुरात १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. साधने पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहेत. २०२२ पासून 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करून मानसिक आरोग्याविषयी सल्लाही मिळतो. तरीही वाटेत अडथळे आहेत. स्मरणशक्तीच्या प्रचलित परीक्षा लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी रचलेल्या होत्या. म्हणून हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये तिचे हिंदी रूप मुद्दाम घडवावे लागले. जबलपुरातील मराठी आजीची परीक्षा हिंदीत झाली आणि ती अडखळली, तर ते अडखळणे भाषेचे, बहिरेपणाचे, विषादाचे की स्मृतीचे, हे सोबत गेलेल्या मुला-सुनेनेच वैद्याला सांगावयास हवे.

दुसरा अडथळा लोकलज्जेचा आहे. लॉरेन्स कोहेन या अमेरिकन अभ्यासकाने वाराणसीत राहून वार्धक्याचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हाताऱ्या माणसाची बुद्धी ढळली, तर लोक त्याचा दोष त्या घराच्या वागणुकीला देतात, असे त्यांना आढळले. मुले विचारीत नाहीत, सून नीट पाहत नाही, म्हणून असे झाले, ही कुजबुज जबलपुरातील किंवा पुण्यातील घरालाही अपरिचित नाही. या कुजबुजीच्या भयाने घर दार लावून घेते, आणि उपचारांचे पहिले, मोलाचे महिने निघून जातात. 'म्हातारपण' हे जसे सोयीचे कारण आहे, तसेच 'मुलांची हेळसांड' हेही. दोन्हींनी रकाना भरतो, चौकशी मात्र राहून जाते.

चौकशी म्हणजे फार अवघड काही नव्हे. बदल केव्हापासून झाला, झोप आणि भूक कशी आहे, जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला आहे काय, नवीन औषध कोणते सुरू झाले, ऐकू नीट येते काय, हे विचारावे. गलग्रंथीचा विकार आणि ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही बुद्धी मंदावते, आणि ती रक्ततपासणीत कळते. उपचारांनी विषाद हटला, तर काही आठवड्यांत माणूस पुन्हा बोलू लागेल. स्मृतिभ्रंशच ठरला, तर निदान त्याची निगा कशी राखावयाची, हे घराला वेळेवर कळेल; आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णालाही विषाद होतो, त्याचे ते दुःख हलके करता येते, हेही ध्यानात राहील. १८९४ च्या आयोगाने तक्त्यातील एका शब्दावर विश्वास न ठेवता मूळ कागद मागविले होते. घरातील वृद्धाच्या बाबतीत मूळ कागद म्हणजे ते माणूसच. त्याच्याजवळ बसून त्याला विचारणे, एवढेच काम उरते.