उत्तर द्यायचे की ग्रंथ लिहायचा?

रात्री दहाला कामावरून घरी आलेला आपला लिहिणारा कार्यकर्ता जेवतो, वही उघडतो आणि सहज मोबाईल बघतो. कुणीतरी बाबासाहेबांबद्दल धादांत खोटे लिहिलेले असते. तो उत्तर देतो. समोरचा पुन्हा लिहितो. मग आपले चार मित्र येतात, त्यांचे दहा येतात. रात्रीचा दीड वाजतो. वही कोरीच राहते. सकाळी ती पोस्ट कुठल्या कुठे गेलेली असते आणि समोरचा जिथे होता तिथेच असतो. हे आमच्या बाबतीतही अनेकदा झाले आहे, म्हणून हा विषय आम्ही उपदेश करायला घेतलेला नाही.

सोशल मीडिया म्हणजे निव्वळ वेळेचा नाश, असे आम्ही म्हणणार नाही. असे म्हणणाऱ्या बहुतेकांना आपले म्हणणे छापून आणण्यासाठी कधी कुणाच्या दारात उभे राहावे लागलेले नाही. 1920 साली पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठी माध्यमे उशिरा जागी झाली. ती बातमी जगापर्यंत नेण्यात आपल्या लोकांच्या ईमेल आणि ब्लॉगचा वाटा होता. रोहित वेमुलाने फेसबुकवर जे लिहून ठेवले, त्याचे पुढे पुस्तक झाले. हे साधन आपल्याला हवेच आहे. प्रश्न एवढाच की आपण ते वापरतो की ते आपल्याला वापरते?

याचे उत्तर शोधण्यासाठी बाबासाहेबांच्या पत्रकारितेकडे पुन्हा बघू या. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी लंडनला निघून गेले. स्वतः काढलेले पाक्षिक जेमतेम सहा महिन्यांचे होते. पुढे ‘मूकनायक’ बंद पडले. हा तोटा लहान नव्हता. पण 1923 मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ उभा राहिला आणि गोलमेज परिषदेत ज्याला टाळता येणार नाही असा माणूस त्या अभ्यासातून घडला.

महाडच्या सत्याग्रहानंतर 3 एप्रिल 1927 रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. तेव्हा विरोधकांना जागच्या जागी उत्तर देणे भाग होते आणि बाबासाहेबांनी ते दिले. अंकाचे रकाने बहुतांशी त्यांना एकट्यालाच भरावे लागत. सोबत वकिली, कायदेमंडळ आणि 1928 पासून सरकारी लॉ कॉलेजातली प्राध्यापकी. 1929 मध्ये ते पत्र थांबले. त्या काळात त्यांनी काय केले, हे आपल्या कामाचे आहे. ‘समता’ आणि ‘जनता’ या पत्रांचे संपादन त्यांनी देवराव नाईकांसारख्या सहकाऱ्यांवर सोपवले. रोजची लढाई थांबली नाही, फक्त ती एकाच माणसाच्या रात्री खाऊन टाकेनाशी झाली.

1936 सालचेच बघा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. बाबासाहेबांनी 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका जशीच्या तशी छापली आणि तिच्यासोबत आपले उत्तर जोडले. म्हणून ते उत्तर आजही आपल्या हातात आहे.

तरीही त्यांना वेळ पुरला नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये आला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ लोकांसमोर यायला 1987 उजाडले. ज्यांच्या वेळेला इतकी किंमत होती, त्यांचा वारसा सांगणारे आपण आपला वेळ कुणाला देतो?

फेसबुक 2004 मध्ये सुरू झाले, ‘लाईक’चे बटण 2009 मध्ये आले. त्याचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी 2017 मध्ये उघड सांगितले की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसे खेचता येईल, याच विचाराने ते घडवले गेले. या कंपन्यांची कमाई जाहिरातींवर चालते. आपण ट्रोलला रागाने उत्तर दिले काय किंवा प्रेमाने, धंदा त्यांचाच होतो. आफ्रिकन-अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांनी 1975 मध्येच बजावले होते की वंशवादाचे गंभीर काम म्हणजे लक्ष विचलित करणे. तुम्ही माणूस आहात, तुम्हाला इतिहास आहे, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करण्यात तो तुम्हाला गुंतवतो आणि तुमचे खरे काम राहून जाते. आरक्षण, गुणवत्ता, संविधान कुणी लिहिले, या त्याच त्या वादांत आपले तेच होते आहे.

आणि खरे काम थांबलेले आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेताना जे पंधरा वर्षांचे होते, त्यांनी आज ऐंशी ओलांडली आहे. नामांतराच्या लढ्यात ज्यांची घरे जळाली, तेही म्हातारे झाले आहेत. त्यांच्या आठवणी कोण लिहिणार? चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड 1952 मध्ये काढला आणि 1971 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच काम केले. त्यांचे उरलेले खंड मागाहून निघत राहिले. एकेक कागद, एकेक साक्ष गोळा केली, म्हणून आज आपण पुराव्यानिशी भांडू शकतो. आपण आज काहीच गोळा केले नाही, तर पुढची पिढी कशाच्या आधारावर भांडेल?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. उत्तर देण्याचे काम वाटून घ्या. प्रत्येक तालुक्यात दोघा-तिघांनी ती आघाडी सांभाळावी. तेच तेच आरोप येतात, त्यांची पुराव्यासह उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत. ज्याच्या हातात पुस्तक, प्रबंध किंवा वस्तीचा इतिहास आहे, त्याला रात्रीचे दोन तास मोकळे द्या. त्या दोन तासांत तो ऑनलाईन दिसला, तर मित्र म्हणून त्याला हटका.

आणि या रविवारी आपल्या वस्तीतल्या सर्वांत वयस्कर आजीजवळ वही घेऊन बसा. मोबाईल रेकॉर्डिंगपुरता चालू ठेवा.

जय भीम!