चिंचेची पोकळी, उंबराची खाडी
अनंत चतुर्दशीला लालबागहून निघालेली मिरवणूक गिरगाव चौपाटीवर पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. भायखळा, नागपाडा, डंकन रोड, सी. पी. टँक, ऑपेरा हाऊस या वाटेने लाखो माणसं गणपतीबरोबर चालतात. अडीचशे वर्षांपूर्वी भरतीच्या वेळी ही वाट पायी कापताच आली नसती. लालबाग-परळ एका बेटावर, गिरगाव दुसऱ्या बेटावर, आणि मधे खारं पाणी नि चिखलाची खाजणं.

हे पाणी आत शिरत असे ते वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून. इंग्रज त्याला ‘ग्रेट ब्रीच’ म्हणत. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात तिथे दगडी बांध घातला गेला आणि १७८४च्या सुमारास तो पुरा झाला. तोच हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे आजचा लाला लजपतराय मार्ग. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांना देवीने दृष्टान्त दिला, समुद्रातून मूर्ती वर आल्या आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे.

बांधाने समुद्र थोपवला, पण आतली जमीन सखल आणि दलदलीचीच राहिली. ती हळूहळू भरावी लागली. १७९३मध्ये बेलासिस रोड झाला. उंचवटे फोडून आणलेली माती आणि शहराचा कचरा टाकत भरणी पुढची कित्येक दशकं चालू होती. खाऱ्या पाण्यातून सोडवलेल्या अशा जमिनींवरच्या पोर्तुगीजकालीन साऱ्याचं नाव ‘फोरास’. फोरास रोडच्या नावात ते शिल्लक राहिलं.

नावांचा हा ठेवा फार मोलाचा आहे. बेट, खाडी, टेकडी, पुळण, भूशिर या व्याख्या भूगोलाच्या पुस्तकातून पाठ करणाऱ्या मुलाला त्या मुंबईच्या पाट्यांवरच भेटतात. उमरखाडीत उंबर आहे आणि खाडीही. पायधुनीला ओहळ ओलांडून आलेले लोक पाय धूत, असं सांगतात. चिंचपोकळी ही चिंचांची पोकळी, म्हणजे खोलगट जागा. डोंगरी उंचावरची. गिरगाव मलबार टेकडीच्या पायथ्याचं, म्हणून गिरीचं गाव. बोरभाट आणि मुगभाट या गल्ल्यांच्या नावांत भाट, म्हणजे बागायत, आहे. वाळकेश्वराच्या नावात वाळू आहे. उत्तरेच्या टोकाला शीव, म्हणजे हद्द.

ही टेकडी आणि ती पोकळी आली कुठून? मुंबईचा पाया लाव्ह्याचा, काळ्या बेसॉल्टचा. पश्चिमेला मलबार, कंबाला, वरळी अशी टेकड्यांची रांग आणि पूर्वेला शिवडीपासून शिवेपर्यंत दुसरी. दोहोंच्या मधे खोलगट पट्टा. वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या थरांमध्ये गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ अडकलेला सापडला आणि त्यात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म. रिचर्ड ओवेन यांनी १८४७मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या शांत काळात, आज जिथे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत त्याच्या शेजारीच बेडूक ओरडत होते.

मधला पट्टा भरला, त्यावर गिरण्या आल्या, चाळी आल्या, रेल्वे आली. उतार मात्र गेला नाही. जुलैच्या एखाद्या सकाळी मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की दादर-परळमध्ये पहिली बातमी ठरलेली असते: हिंदमाताला पाणी भरलं. तिथला रस्ता बशीसारखा सखल, चहूबाजूंचं पाणी तिथेच उतरतं. शहराच्या पर्जन्यवाहिन्या अखेर समुद्राला मिळतात आणि भरती वर असताना त्यांचं तोंड जणू मिटतं. दुकानदार माल फळीवर चढवतात, बस वळवल्या जातात, गुडघाभर पाण्यातून माणसं हात धरून स्टेशन गाठतात.

महापालिकेने अलीकडे दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. हिंदमाताचं पाणी पंपाने तिकडे न्यायचं, साठवायचं आणि ओहोटी लागली की समुद्राकडे सोडायचं. बांध नव्हता तेव्हा परळहून गिरगावाकडे निघालेला माणूसही पाण्याच्या काठाशी ओहोटीचीच वाट पाहत थांबत असणार.