गेटवर फी की पाळण्यावर पैसे? थीम पार्क गेममधलं तिकिटाचं गणित

गावच्या जत्रेत आत शिरायला तिकीट नसतं. आकाशपाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. वॉटर पार्कात मात्र गेटवर एकदाच पैसे भरायचे, मग दिवसभर खेळा. थीम पार्क चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्येही खेळणाऱ्यापुढे हाच प्रश्न येतो. तो चुकला की कर्ज फिटत नाही आणि नवीन राइड बांधायला पैसा उरत नाही.

खेळ कोणता?
ख्रिस सॉयर यांचा 'रोलरकोस्टर टायकून' १९९९ मध्ये आला. त्यात गेट आणि राइड, दोन्हीकडे पैसे लावता येतात. २००२ च्या दुसऱ्या भागात मात्र बहुतेक पार्कांत एकच वाट असते : एक तर प्रवेश फी, नाही तर राइडचं तिकीट.

गेटवर फी
फायदा असा की पाहुणा आत आला की पैसे हातात. तोटा असा की ते एकदाच मिळतात. तो तासभर थांबो की दिवसभर, गेटचा गल्ला तेवढाच. कमाई वाढवायची तर सतत नवीन माणूस आला पाहिजे. शिवाय पार्कात काही नसताना फी जास्त ठेवली, तर लोक गेटवरूनच परत फिरतात.

राइडवर पैसे
इथे प्रत्येक फेरीला उत्पन्न. पाहुणा किती पैसे देईल हे राइडची मजा, तीव्रता आणि मळमळ यांच्या आकड्यांवर ठरतं. नव्या राइडला भाव चांगला मिळतो, जुनी झाली की उतरतो. एकाच प्रकारच्या दोन राइड बांधल्या तरी भाव पडतो. म्हणजे घसारा आणि स्पर्धा, दोन्ही खेळात आहेत!

दोन्हीकडे पैसे लावले तर? गेटवर फी भरलेला पाहुणा राइडसाठी बराच कमी पैसा द्यायला तयार होतो. खिसा एकच असतो ना.

खरा डिस्नेलँड
अमेरिकेतलं डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झालं. तिथेही अनेक वर्षं प्रवेशाबरोबर राइडच्या कुपनांची पुस्तकं विकली जात. ती पद्धत १९८२ मध्ये बंद झाली आणि एकच पास आला. वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये याच दुहेरी दरावर लेख लिहिला. तो आजही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो.

खेळताना काय करावं?
- दोन-चार राइड असताना गेट फुकट ठेवा, राइडवर पैसे घ्या.
- पाहुण्यांच्या मनातले विचार वाचा. 'स्वस्त आहे' असं बरेच जण म्हणत असतील तर दर थोडा वाढवा. 'एवढे पैसे देणार नाही' दिसलं की लगेच उतरवा.
- राइड जुनी झाली की दर पुन्हा तपासा. हे विसरल्यानेच रांगा रिकाम्या पडतात.
- पाऊस आला की छत्रीचा भाव वाढवा. भिजणारा माणूस घासाघीस करत नाही.
- पार्क फक्त गेट फीचं असेल तर आधी राइड वाढवा, मग फी.

दर एकदा ठरवून विसरायचा नसतो, हे दुकानदाराला माहीत असतं. मुलं हा खेळ खेळत असतील तर तिकिटाचा दर का वाढवला, एवढं त्यांना जरूर विचारा. उत्तर देताना त्यांना नफ्या-तोट्याचा हिशेब आपोआप मांडावा लागेल.