झोळीची दोरी

आधी चपला जिन्याखाली काढा. मग हात धुवा. नळ डावीकडे आहे, साबणाची वडी करवंटीत ठेवली आहे. मनगटापर्यंत चोळा, बोटांच्या बेचक्यांत चोळा. वर कठड्याला टेकून आजी मोजत्ये, आणि वीस झाल्याशिवाय ती तुम्हाला पहिली पायरीसुद्धा चढू द्यायची नाही. हा एप्रिल २०२० आहे, महिना संपत आलाय. तुम्ही जबलपूरला, गोलबाजारच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या मराठी बिऱ्हाडात आला आहात. अख्ख्या शहरात आत्ता कुणालाच कुठे जायचं नाही. एका बाईला सोडून.

ती बघा, जिना उतरतेच आहे. तोंडाला पट्टी, खांद्याला पिशवी, बोटात स्कूटरची किल्ली, आणि काखेत चौदा महिन्यांची मुलगी.

"धरा."

अहो, असं नाही. तान्ही नाही ती आता, कडेवर घ्या. एक पाय पुढे, एक मागे, हां. आता ते सगळं वजन तुमच्या कमरेच्या हाडावर आलं. ऊन ऊन, झोपेतून नुकतंच उठलेलं अंग. केसांना खोबरेल तेलाचा वास, मानेच्या वळीत दुधाचा आंबूस वास. तिनं तुमच्या शर्टाचं बटण मुठीत धरलंय आणि ती तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत्ये. रडायचं की नाही, हे अजून ठरत नाहीये तिचं.

"नऊला दूध, अकराला वरणभात. झोपून उठली की खिचडी करून देऊन द्याल. रडली तर गच्चीवर नेऊन कावळे दाखवाल. आणि आजींना उचलू देऊ नका, त्यांची कंबर धरली आहे." एवढं बोलून ताई गाडीवर बसते. सरकारी दवाखान्यात ती सिस्टर आहे, आठची ड्युटी. वळून बघत नाही. वळलं की पाय निघत नाही, असं काल रात्री ती आजीला म्हणाली होती. स्कूटरचा आवाज रिकाम्या गल्लीत किती तरी वेळ येत राहतो, कारण त्याला दडवायला दुसरा आवाजच नाही. तो विरला की तुमच्या कडेवरचा ओठ पहिल्यांदा दुमडतो.

चला, गच्चीवर.

इथून शहर कसं दिसतं बघा. एरवी या वेळी बडा फुहाऱ्याच्या बाजूला कढया तापलेल्या असायच्या, खोव्याची काळपट जिलेबी पाकात पडायची. आज तुपाचा वास नाही. आज वारा ब्लीचिंग पावडरचा वास घेऊन येतोय, आणि त्यात कडुनिंबाच्या मोहोराचा गोडसर कडवटपणा मिसळलाय. किराणा दुकानासमोर चुन्याची वर्तुळं आखली आहेत, एकेका वर्तुळात एकेक माणूस पिशवी धरून उभा. कोकिळा इतकी मोठ्यानं ओरडत्ये, की तुम्हाला वाटेल कुणी भोंगा लावलाय. मध्य प्रदेशातले कोरोनाचे पहिले चार रुग्ण याच शहरात सापडले, २० मार्चला. तेव्हापासून लोक दाराची कडीसुद्धा कोपरानं लावतात.

कावळे आले. पोरगी दोन्ही हात पुढे करते, "का, का" म्हणते, आणि त्या आनंदात तुमचा चष्मा ओढून घेते. घेऊ द्या.

खाली गल्लीत झाडूची खर्रखर्र. वाकून बघा. सफाईवाली आली आहे, हातात मोठा झाडू, तोंडावर पदर. तिच्या हातगाडीच्या कडेवर चार-साडेचार वर्षांचा मुलगा बसलाय, बिस्किटाचा पुडा छातीशी धरून. आजी वरून विचारते, "इसको क्यों लाई?" ती झाडू न थांबवता उत्तर देते, "कहाँ छोड़ूँ, अम्मा?" हा प्रश्न ती रोज सकाळी गल्लीगल्लीत ऐकते आणि तेच उत्तर रोज देते. मुलगा तुमच्या कडेवरच्या मुलीकडे बघून हात हलवतो. कचऱ्याला हात लावायचा नाही, एवढं त्याला शिकवलंय. म्हणून तो गाडीवर बसूनच असतो.

नऊ वाजले. ऐकलंत? एकाच वेळी सगळ्या घरांतून दूरदर्शनवरचं उत्तर रामायण सुरू झालं. भिंतींमधून, खिडक्यांमधून तोच शंख, तेच सूर. तुमच्या एका हातात दुधाची वाटी, दुसऱ्या हातात चमचा. पहिला घोट आत गेला, दुसरा तुमच्या बाहीवर आला. तिला वाटीतलं दूध नको आहे. तिला जे हवंय ते आत्ता दवाखान्यात आहे, प्लास्टिकच्या पोशाखात बंद.

त्या पोशाखाबद्दल सांगायलाच हवं, कारण आजी हे तुम्हाला सांगायची नाही. एकदा चढवला की तासन् तास काढता येत नाही. आत घाम पाठीवरून ओघळत मोज्यांपर्यंत जातो. लघवीला जावं लागू नये म्हणून ताई सकाळपासून पाणी पीत नाही. पण दूध ऐकत नाही. पाजायची वेळ झाली की छाती भरून येते, ठणकते, आणि आतला ब्लाउज भिजतो. इथे पोरगी वाटी लोटत्ये, तिकडे तिच्या आईचे कपडे ओले होतायत. दोघींमध्ये काही मैलांचं अंतर आहे आणि रस्ता पूर्ण मोकळा आहे.

अकराच्या सुमाराला दारात दोघी जणी येतात. एक आशा, एक अंगणवाडीची कार्यकर्ती. ओढणी तोंडावर घट्ट, हातात रजिस्टर. "घर में किसी को सर्दी, खाँसी, बुखार?" आजी नाही म्हणते. त्या खडूनं दाराच्या चौकटीवर काहीतरी लिहितात आणि सावलीत क्षणभर टेकतात. ऊन आता पायाच्या तळव्यांना चावतंय. आशाला या जादा कामाचे महिन्याला १,००० रुपये मिळायचे आहेत. दिवसाचे ३३. कार्यकर्तीची पाच वर्षांची मुलगी घरी आहे. कोणाजवळ? "बड़ी के पास." बडी किती वर्षांची? नऊ.

गल्लीच्या तोंडाशी तिचीच अंगणवाडी आहे, येताना तुम्ही बघितली असेल. भिंतीवर रंगवलेला अनार, आम, इमली. दाराला कुलूप. आत सतरंजी आहे, पाण्याचा माठ आहे, वजनकाटा आहे. शिकवणारी बाई इथे तुमच्या पायरीवर बसून घाम पुसत्ये. मार्चमध्ये अंगणवाड्यांना कुलूप लागलं, पाळणाघरांनाही लागलं. संसर्गाची भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. पण मुलं घरी पाठवली आणि त्याच मुलांच्या आयांना कामावर बोलावलं. या दोन आदेशांच्या मध्ये एक मूल उभं आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. हे मला आजही सलतं.

वरणभात झाला. निम्मा पोटात, निम्मा तुमच्या मांडीवर. आता झोप. आजी तुळईच्या कडीला साडीची झोळी बांधून तयार आहे. पोरीला आत ठेवा, दोरी हातात घ्या आणि ओढा. जोरात नको, संथ. कूलरच्या वाळ्यातून गार ओला वास येतोय, बाहेर पारा चाळिशीला टेकलाय. दोरी ओढत बसा. तुमचा हात गुंतलेला आहे तोवर मी तुम्हाला जरा लांब फिरवून आणतो.

याच आठवड्यात इंग्लंडात शाळा बंद आहेत, पण नर्सची, ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्याची, किराणा दुकानात काम करणाऱ्याची मुलं शाळेत जातायत. त्यांच्यासाठी वर्ग उघडे ठेवलेत, थोडी मुलं, दूर दूर बाकं. ऑस्ट्रेलियात ६ एप्रिलपासून पाळणाघराची फी आईबापांना माफ आहे, सरकार भरतंय. अमेरिकेच्या संसदेनं मार्चअखेरीला साडेतीन अब्ज डॉलर खास मुलांच्या सांभाळासाठी राज्यांना दिले, आणि अत्यावश्यक कामावरच्या माणसाचं मूल असेल तर त्याची कमाई विचारायची नाही, अशी मुभाही दिली. तिथेही सगळ्यांना जागा मिळाली असं नाही. पण नर्स कामावर यायला हवी असेल तर तिच्या मुलाला कुणीतरी धरायला हवं, आणि त्या धरणाऱ्या हातांना सरकारी तिजोरीतून पैसे द्यायला हवेत, एवढं तिथे कागदावर तरी आलं.

आपल्याला पाळणाघर ठाऊक नव्हतं असं नाही. पन्नास माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, हा कायदा आपल्याकडे २०१७ सालचा. मार्चअखेरीला केंद्रानं आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, त्यात आशाही धरल्या. चांगलंच केलं. पण तो विमा ताई गेली तर उपयोगाचा. ताई जिवंत आहे, कामावर आहे, आणि तिचं मूल झोळीत आहे, याची सोय कोणत्या कागदावर? आज तरी ती तुमच्या उजव्या हातावर आहे. खांदा दुखायला लागला ना? हात बदला. दोरी थांबली की पोरगी जागी होते.

आजी हे काम गेला महिनाभर करत्ये. कंबर धरलेली असताना.

दुपार उतरते. खिचडी, कावळे, एक ओला लंगोट, दुसरा ओला लंगोट, तुमची ओली मांडी. संध्याकाळी स्कूटरचा आवाज येतो. तुमच्याआधी पोरीला कळतं, ती दाराकडे अंग टाकते. आता घट्ट धरा! सोडू नका! आई अंगणातून थेट मागच्या न्हाणीत जाते, वर बघतसुद्धा नाही. बादलीत उकळतं पाणी ओतल्याचा आवाज, कपडे बुडवल्याचा, मग तांब्यावर तांब्या. पोरगी तुमच्या कानाजवळ किंचाळत्ये, तुमच्या गळ्यावर तिच्या नखांचे ओरखडे उठलेत. पंधरा मिनिटं. आयुष्यातली सर्वांत लांब पंधरा मिनिटं असं लोक सहज म्हणतात, तुम्ही ती आज मोजली आहेत.

मग ताई येते, ओल्या केसांनी, साध्या सुती साडीत, निळी ठिपक्यांची. चेहऱ्यावर मास्कच्या पट्ट्यांचे वळ. हात पुढे करते. पोरगी उडी घेते आणि पदराखाली शिरून गप्प होते. घरात फक्त घटाघटा पिण्याचा आवाज.

तशीच मांडी घालून बसलेली ताई खालच्या आवाजात आजीला सांगते, उद्यापासून कोविड वॉर्ड. चौदा दिवस तिकडेच राहायचं, मग वेगळं राहायचं, मग घर. आजी काही बोलत नाही. पोळीचा उंडा हातातच राहतो.

एका दिवसाच्या बोलीवर आणलं होतं मी तुम्हाला. पण आता कसं निघणार?

रात्री ताई ती साडी बदलत नाही. त्याच साडीत भांडी घासते, त्याच साडीत पोरीला कुशीत घेऊन झोपते, उकाड्यात पंख्याखाली घामेजते. पहाटे चारला उठून ती साडी सोडते, धूत नाही, घडी घालून आजीच्या हातात देते. आजीला सांगावं लागत नाही. ती जुनी झोळी सोडवते आणि कडीला निळी ठिपक्यांची साडी बांधते. गाठ दोनदा ओढून बघते.

पोरीला अलगद आत ठेवतात. तुम्ही दोरी घ्या. संथ. ती अर्धा डोळा उघडते, इकडेतिकडे बघते. नाक कापडात खुपसते, साडीची एक चुणी तोंडात घेते, आणि डोळा मिटतो.

खाली स्कूटर सुरू होत नाही. कान द्या. चाकं दगडांवरून फिरतायत, इंजिन बंद. ताई गाडी ढकलत ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेत्ये. तिथे पोचल्यावर मगच ती किक मारते.