सागरी तेलगळती आणि डोंगरमाथ्यावरील पुनरुच्चारक

जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि समुद्रावर सांडलेले तेल यांचा संबंध प्रथमदर्शनी दूरान्वित वाटेल. तथापि तो बिनतारी संदेशांमुळे जुळतो.

१७ मे १९९३ रोजी मुंबई हायहून उरणकडे येणारी तेलवाहिनी फुटली. पुढे १९९६ साली राष्ट्रीय आपत्ती-योजना सिद्ध झाली. समन्वय तटरक्षक दलाकडे आला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली, तेव्हा तेल किनाऱ्यालाही लागले. अशा प्रसंगी जहाजे १५६.८ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे सोळाव्या वाहिनीवर, हाक देतात. परंतु ती संकटासाठी व पहिल्या हाकेसाठी राखलेली असल्याने कामाचे संभाषण अन्य वाहिनीवर न्यावे लागते. शिवाय हे तरंग प्रायः सरळ रेषेत जातात. किनारा साफ करणारे पथक टेकडीआड गेले की संबंध तुटतो. म्हणून उंचावर रिपीटर हवा. तो एका कंप्रतेवर ऐकतो आणि तेच दुसरीवर बोलतो. त्यास ‘पुनरुच्चारक’ म्हणणे अधिक अन्वर्थक होईल.

२०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात डहाणूचा किनारा व हे डोंगर एकत्र आले. जव्हारची उंची सुमारे ४५० मीटर. केवळ पृथ्वीची वक्रता धरली तर तेथून समुद्रसपाटीवर सुमारे ७६ किलोमीटर पल्ला मिळतो, आणि डहाणू त्याहून पुष्कळ जवळ आहे. मधले डोंगर मात्र या गणितात धरलेले नाहीत.