वाटूरचं घर आणि ऑफिसचा बोगदा

वाटूर फाट्याजवळच्या एखाद्या घरातून पुण्यातल्या कंपनीचं काम करणाऱ्याचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा, जोडलं गेलं नाही, की दोष गावाच्या माथी मारला जातो: खेड्यातलं नेट, दुसरं काय! पण त्याच राउटरवर सिनेमा न अडकता चालतो. रेंज नसती तर सगळंच रखडलं असतं. नेमकं ऑफिसच तेवढं का अडतं, याचं उत्तर वाटूरच्या परतूर तालुक्यात शोधून सापडणार नाही. ते इंटरनेटच्या पत्त्यांच्या जुन्या टंचाईत आहे.

पत्ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर मे १९९४ मध्ये 'नॅट'ची पद्धत मांडली गेली, तीही तात्पुरती सोय म्हणून. वाड्याला पत्ता एकच, आत बिऱ्हाडं अनेक. आलेलं पाकीट कुणाचं, हे राउटर पोर्ट क्रमांकावरून ओळखतो. पीपीटीपी हे नंतरच्या काळातलं लोकप्रिय व्हीपीएन इथेच फसलं. त्याची बोलणी १७२३ क्रमांकाच्या पोर्टवरून होत, पण खरा मजकूर जीआरई नावाच्या वेगळ्या पाकिटातून जाई आणि त्यावर पोर्ट क्रमांकच नसे. म्हणून जोडणी सुरू व्हायची आणि 'पासवर्ड तपासत आहे' या पाटीवर अडकून पडायची. पासवर्ड बरोबर असला तरी! आयपीसेक या दुसऱ्या व्हीपीएन पद्धतीच्या ईएसपी पाकिटांचीही गत तीच. घरगुती राउटरच्या सेटिंगमधल्या 'पीपीटीपी पासथ्रू', 'आयपीसेक पासथ्रू' या चौकटी त्यावरचं ठिगळ आहेत.

यावर कुणी म्हणेल, हा प्रश्न कधीच सुटला. अर्धं खरं आहे. जानेवारी २००५ मध्ये ईएसपी पाकीट पोर्ट क्रमांक असलेल्या यूडीपी पाकिटात गुंडाळून ४५०० पोर्टवरून पाठवण्याची पद्धत ठरली. ओपनव्हीपीएन आणि वायरगार्डही यूडीपीवरून बिनबोभाट जातात. पण टंचाई वाढतच गेली. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारा पत्त्यांचा एक मोठा गट इंटरनेट सेवा कंपन्यांच्या सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला. घरच्या राउटरला बाहेरून असा पत्ता मिळाला असेल, तर नॅट दोनदा होतं आणि दुसरं नॅट सेवा कंपनीच्या ताब्यात असतं. तिथे घरच्या चौकटीवरची खूण काही कामाची नाही. नॅटमुळे घर सुरक्षित राहतं, हा नॅटच्या बाजूचा युक्तिवादही मला पटत नाही. आगंतुक जोडण्या अडवणं हे फायरवॉलचं काम आहे आणि ते नॅटशिवायही होतं.

सरकारी नियमांनाही घर हे कामाचं ठिकाण वाटत नव्हतं. कॉल सेंटर आणि बीपीओंना घरून काम करू द्यायचं तर १ कोटी रुपयांची अनामत आणि सेवा कंपनीने पुरवलेलं व्हीपीएन लागे. १३ मार्च २०२० रोजी दूरसंचार विभागाने या अटी तात्पुरत्या उठवल्या. कंपन्यांना स्वतःचं व्हीपीएन चालवायला मुभा मिळाली, पण स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपी पत्त्यावर आणि आधी ठरलेल्या ठिकाणांपुरतीच. ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या नियमांनी अनामतीची अट कायमची गेली, पत्त्यांची टंचाई मात्र कुठल्याही परिपत्रकाने जाणारी नव्हती. ऑफिस अजून पीपीटीपीवर असेल, तर वाटूरच्या माणसाला नवा राउटर घ्यायला लावणं हा अन्याय आहे. बदल ऑफिसच्या सर्व्हरवर व्हायला हवा.