एक संगम, तीन राज्ये

वणीला समुद्र नाही, खाडी नाही, बंदर नाही. तरी पाण्याच्या काठाचा इतिहास पाहायचा असेल, तर वणी तालुक्यातल्या जुगादला जावे. उत्तरेकडून वर्धा येते, पश्चिमेकडून पैनगंगा. वर्धेच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातला वढा. लोक दोन्ही नावे एका दमात घेतात: वढा-जुगाद. पैनगंगा आपले नाव इथेच टाकते. पुढे वैनगंगा भेटली की वर्धेचेही नाव जाते. मग प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर.

पण नदी म्हणजे नुसते पाणी नव्हे बरे का, ती हद्दही असते. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त दोघा चुलतभावांना विदर्भ वाटून दिला, तेव्हा मधली सीमा ठरली ती वरदा नदी. ही वरदा म्हणजेच आपली वर्धा, असे विद्वान मानतात. पुढे १८०३ साली देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, तो निजामाकडे गेला. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले, आणि हद्द पैनगंगेवर आली. म्हणजे पाहा, जुगादच्या काठचा माणूस वऱ्हाडात. वर्धा ओलांडली की चांद्यात, पैनगंगा ओलांडली की निजामाच्या राज्यात! हातभर पाण्यासाठी सरकार बदलायचे. निजामाची सत्ता १९४८ साली संपली. पलीकडचा राजुरा तालुका मात्र हैदराबाद राज्यातच राहिला आणि १९५६ साली मुंबई राज्यात आला.

वणीचे स्वतःचे नावही असेच हलले. १८६४ साली झालेल्या 'आग्नेय वऱ्हाड' जिल्ह्याला पुढे वणीचे नाव मिळाले. साहेबाने ते 'वून' असे लिहिले. गंमत अशी, की नाव वणीचे आणि कचेरी यवतमाळला! १९०५ साली पुसद जोडून जिल्ह्याची फेररचना झाली आणि नावही यवतमाळला गेले. वणीकडे तालुका उरला. निर्गुडा मात्र गावाजवळून वाहायची तशीच वाहते.

आणखी एक नाव सांगायचे राहिले. या भागातल्या चुनखडीच्या आणि शेलच्या थरांना भूशास्त्रज्ञ 'पैनगंगा' याच नावाने ओळखतात. हा दगड सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. तेव्हा वणीला समुद्र नाही, हे माझे पहिलेच वाक्य मला थोडे मागे घ्यावे लागेल.